आग्रा रोडवरची लाल गाडी

इंदूरमध्ये 'आग्रा-बॉम्बे रोड' असे पूर्ण नाव कोणी घेत नाही. 'एबी रोड' म्हटले की रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना कळते. धुळ्यात गेलात तर भर बाजारपेठेतल्या रस्त्याला 'आग्रा रोड' म्हणतात. कल्याणलाही एक आग्रा रोड आहे. मुंबईतला आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग जुन्या माणसांच्या तोंडी आग्रा रोडच होता. रस्त्याला पलीकडच्या टोकाचे नाव द्यायची आपली जुनी सवय. आम्ही इंदूरकर मधोमध पडलो, त्यामुळे आम्हाला दोन्ही टोकांची नावे घ्यावी लागली.

आपल्या अंकात रेल्वेच्या आठवणी पुष्कळ येतात. महू-खंडव्याची छोटी लाइन, पाताळपाणीचा धबधबा, कालाकुंडचा कलाकंद. ते सगळे गोडच आहे. पण आमच्या घरी रेल्वेपेक्षा रस्त्याचे महत्त्व जास्त होते. आमचे अण्णा रोडवेजमध्ये बुकिंग क्लार्क होते, आणि माझी मोठी बहीण लग्न होऊन धुळ्याला गेली. इंदूरहून धुळ्याला सरळ रेल्वे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. मुंबईची गाडी रतलाम-बडोद्यावरून मोठा वळसा घालून जाते. तेव्हा ताईकडे जायचे म्हणजे बसनेच. चाळीस वर्षे मी या रस्त्याने जाते-येते आहे. यंदाच्या उन्हाळ्यातही गेले, आणि जाताना ठरवले की या रस्त्याविषयी आणि त्यावरच्या सरकारी गाड्यांविषयी एकदा लिहायचेच.

सुरुवात सरवटे बस स्टँडपासून करते. रोज हजारो माणसे 'सरवटे, सरवटे' म्हणून या स्टँडचे नाव घेतात, पण हे सरवटे कोण, असे विचारले तर आपल्यापैकीही पुष्कळजण गप्प बसतील. विनायक सीताराम सरवटे, म्हणजे आपले तात्या सरवटे. संविधान सभेचे सदस्य आणि 'मराठी साहित्य समालोचन' लिहिणारे. बालनिकेतन संघाच्या शालिनीताई मोघे या त्यांच्याच कन्या. मराठी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाचे नाव बस स्टँडला असावे, आणि त्या स्टँडवरून महाराष्ट्राची एसटी सुटावी, याची मला उगाचच गंमत वाटते. स्टँडची नवी इमारत छान झाली आहे. फलाट आहेत, पंखे आहेत, चौकशीची खिडकी आहे. नाही ती मध्य प्रदेश सरकारच्या मालकीची बस.

तरुण वाचकांना हे सांगायला हवे, कारण त्यांनी ती पाहिलीच नसेल. एके काळी इथे सरकारी मोटारींचा मोठा कारभार होता. ग्वाल्हेरच्या मंडळींना तर त्याचा अभिमानच वाटावा. 'ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी' नावाची कंपनी शिंद्यांच्या राज्यात होती, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास राजधानी दिल्लीतल्या शहर बससुद्धा तीच चालवत असे! तिची सेवा पुरी पडत नाही म्हणून केंद्र सरकारने मे १९४८ मध्ये ती आपल्या हाती घेतली, आणि त्यातून दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस उभी राहिली. त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ मे १९४८ ला, होळकर-शिंद्यांची आणि इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले. उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर; आणि दोन्ही राजधान्या याच एबी रोडवर. या राज्याची मोटारसेवा म्हणजे मध्य भारत रोडवेज. अण्णा तिथे चिकटले.

१ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत संपून नवे मध्य प्रदेश झाले. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला. १९६२ मध्ये मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम स्थापन झाले; मध्य भारत रोडवेज आणि जुन्या मध्य प्रांताची सरकारी मोटारसेवा त्यात आली. घरात मात्र शेवटपर्यंत 'रोडवेज'च म्हणत. तिकडे मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिल्यांदा धावली होती. म्हणजे दोन्ही बाजूंच्या सरकारी गाड्या साधारण एकाच पिढीतल्या.

अण्णा पाच वर्षे सेंधव्याच्या स्टँडवर होते. भिंतीवर तेलरंगाने रंगवलेले वेळापत्रक, जाळीची खिडकी, तिकिटांच्या पेट्या, आणि रात्री उशिराच्या गाडीपर्यंत जळणारा एक पिवळा दिवा. गाडीत चारच माणसे असली तरी ती वेळेवर सुटायची. 'माणसे नाहीत म्हणून गाडी थांबवायला ती काय आपल्या बापाची आहे?' असे अण्णा म्हणत. गाडी रिकामी गेली तर निगमला तोटा होतो हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण वेळेवर गाडी येणार हा भरवसा असला तरच माणूस स्टँडवर येतो, हे त्यांना खिडकीतून रोज दिसत होते.

आता एसटीत बसू. गाडी शहरातून बाहेर पडते तो एबी रोडच. याच रस्त्यावर २०१३ मध्ये साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस झाला, मधली मार्गिका फक्त बसगाड्यांसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो काढून टाकायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली. आमच्या शहराला बससाठी राखलेली जागा बारा वर्षेही सोसली नाही, यावर मी जास्त बोलत नाही.

राऊ मागे पडले, महूचा वळणरस्ता गेला, मानपूर आले, की माळव्याचे पठार संपते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथून विंध्याचा कडा उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जायचे. अहिल्याबाईंच्या काळी महेश्वरला जाणारी वाट थोडी पूर्वेला, जामघाटातून होती. तिथला दगडी दरवाजा आपण पावसाळ्यात सहलीला जाऊन पाहतोच. आजच्या महामार्गावरचा गणपती घाट मात्र सहलीचा नाही. चारपदरी रस्ता झाला तेव्हा इथला उतार तीव्र राहिला. खाली येणाऱ्या अवजड ट्रकचे ब्रेक तापून निकामी व्हायचे आणि पुढच्या गाड्या चिरडल्या जायच्या. किती घरे बसली या उतारावर! शेवटी २०२४ च्या अखेरीस उतरणाऱ्या वाहनांसाठी सौम्य उताराचा वेगळा रस्ता सुरू झाला. आमच्या ड्रायव्हरने त्या नव्या रस्त्याला लागताना स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. जुनी सवय असणार.

धामनोदला उजवी-डावीकडे ऊस आणि केळी दिसू लागतात, हवा एकदम तापते. निमाड लागला. महेश्वरचा फाटा इथेच. मग खलघाट, आणि नर्मदा.

'नर्मदे हर' म्हणून नाणे टाकायला हात आपोआप खिडकीकडे जातो. पण गेल्या तीन वर्षांत या पुलावर गाडीत बोलणे थांबते. १८ जुलै २०२२ च्या सकाळी इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी या पुलाचा कठडा तोडून भरल्या नर्मदेत पडली. बारा जणांचे मृतदेह नदीतून काढले. चालक आणि वाहकही गेले. त्या दिवशी दुपारपर्यंत इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांतले फोन खणखणत होते. तुमचे कोणी त्या गाडीत नव्हते ना? आमच्याकडेही ताईचे चार फोन आले. आमची मंडळी खानदेशात याच गाडीने जातात, हे त्या दिवशी सगळ्यांना पुन्हा कळले. मी अजूनही याच गाडीने जाते. दुसरी सरकारी गाडी आहे कुठे?

खलघाटपुढे ठीकरी, जुलवानिया. रस्ता असा की हातातला चहा सांडत नाही. पण एक गोष्ट बघा. १९९०च्या दशकात मध्य प्रदेशचे रस्ते म्हणजे देशभर थट्टेचा विषय होता. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे म्हणायचे, झोपलेला माणूस धक्का बसून उठला की समजावे, सीमा ओलांडली. २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावरच झाली आणि सरकार बदलले. २००४ मध्ये राज्याने रस्ते बांधण्यासाठी वेगळे रस्ते विकास निगम काढले. पुढच्या वर्षांत रस्ते खरेच सुधारले; त्याचे श्रेय द्यायलाच हवे. आणि २००५ मध्ये त्याच राज्याने परिवहन निगम बंद करायचे ठरवले. तोटा साचला होता, गाड्या जुन्या झाल्या होत्या, पगार थकत होते. खड्ड्यांतून वर्षानुवर्षे ज्या गाड्यांची हाडे खिळखिळी झाली, त्यांना गुळगुळीत रस्ता मिळायच्या वेळी घरी बसवले. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. बातमी वाचून त्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि 'सेंधव्याची रात्रीची गाडी आता कोण सोडणार?' एवढेच विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मला जुलवानियाच्या चौकात मिळते. परिवहन विभाग आहेच. त्याचे आयुक्त कार्यालय आजही ग्वाल्हेरला आहे. पण विभागाचे काम परवाना देण्याचे, कर घेण्याचे, नंबर देण्याचे. गाडी चालवण्याचे काम निगमचे होते, आणि ते संपले. परवाने खासगी मालकांना मिळाले. इंदूर-भोपाळ, इंदूर-पुणे अशा मार्गांवर त्यांच्या गारेगार गाड्या आहेत, झोपायला गाद्या आहेत. मी त्यांनाही नावे ठेवत नाही, मुलाकडे पुण्याला जाताना मीही त्यातच झोपते. पण खासगी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि जिथे भरत नाही तिथे जात नाही. चौकात बोचकी घेऊन उभी असलेली बारेला कुटुंबे, कडेवर लेकरे, डोक्यावर पीठ-मिठाची गोणी. महाराष्ट्रात कापूस वेचायला, ऊस तोडायला जाणारी माणसे. त्यांच्यासाठी स्लीपर कोच थांबत नाही. एसटीने करकचून ब्रेक मारला. वीस माणसे चढली, तीन कोंबड्यांसह.

एसटी इथे येते ती उपकार म्हणून नव्हे. दोन राज्यांमध्ये परस्पर करार असतो: आमच्या गाड्या तुमच्या हद्दीत इतके किलोमीटर धावतील, तुमच्या आमच्या हद्दीत तितकेच. मध्य प्रदेशच्या बाजूने आता सरकारी गाडीच नाही, त्यामुळे तिकडच्या स्टँडांवर जाणाऱ्या गाड्या खासगी. लाल गाडी मात्र सीमा ओलांडून अजून येते. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा लांबलेला संप झाला, तेव्हा आम्हाला कळले की आपण शेजारच्या राज्याच्या गाडीवर किती अवलंबून आहोत.

कंडक्टर तिकिटे फाडत, म्हणजे आता मशीनमधून काढत, माझ्यापर्यंत आले.

"मावशी, धुळे?"

"हो मास्तर. अर्धे द्या."

"अर्धे सीमेपासून. तिथपर्यंत पूर्ण लागेल."

मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना निम्मे भाडे आहे. पण ते महाराष्ट्राच्या हद्दीत. म्हणजे बिजासन घाटापर्यंत मी पूर्ण माणूस आणि पुढे अर्धे. शेजारची शिरपूरची बाई हसून म्हणाली, "तुमच्या राज्यात बाईची किंमत जास्त आहे, ताई."

सेंधवा आले. जुना किल्ला, कापसाच्या जिनिंगची गोदामे. आमची खोली होती ती गल्ली गाडीतून दिसत नाही. मग सातपुड्याचा घाट. हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी टप्प्याटप्प्याने बांधला. माळव्याची अफू याच वाटेने मुंबईला जायची. अफूवरचा कर इंदुरात गोळा व्हायचा. मालाला आणि खजिन्याला घाटातून सुखरूप नेण्यासाठी कंपनी सरकारने भिल्ल नाईकांनाच राखणदार नेमले. गुमान नाईक आणि त्यांच्यामागून त्यांचा मुलगा खाजा नाईक सेंधवा घाटाची राखण करायचे. खाजा नाईकाने पुढे १८५७ मध्ये बंड केले, आणि ज्या रस्त्याची राखण केली त्याच रस्त्यावर सात लाखांचा खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला त्याच्या लोकांशी इंग्रजांची मोठी लढाई झाली. शाळेत आम्हाला झाशी आणि ग्वाल्हेर शिकवले. आपल्याच वाटेवरच्या आंबापाणीचे नाव मी पहिल्यांदा धुळ्यात ताईच्या सासऱ्यांकडून ऐकले.

घाटात बिजासन देवीचे देऊळ. गाडीचा वेग इथे जरा कमी होतो, खिडकीतून दोन-चार हात जोडले जातात. देवळाच्या आसपास सीमा. जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला, त्याआधी अलीकडे-पलीकडे एकाच दरबारचा अंमल होता. माणसांनी ती रेघ कधी फार मनावर घेतली नाही. अलीकडचे बारेला आणि पलीकडचे पावरा एकाच गोतातले. पळासनेर गेले की गाडीत अहिराणी ऐकू यायला लागते, आणि आमच्या 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' असल्या इंदुरी मराठीला अचानक सोबती मिळतात.

मैलाच्या दगडांकडे पाहिले तर त्यावर आता '५२' असतो. आमच्या पिढीला हा तीन नंबरचा हायवे. मुळात कोणता रस्ता राष्ट्रीय, कोणता प्रांतिक, कोणता जिल्ह्याचा अशी वर्गवारी डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत ठरली. त्याच्याही आधी, १९२७ मध्ये, मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली होती. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांवरच खर्च करावा ही तिची सूचना, आणि १९२९ पासून तसा निधी सुरू झाला. म्हणजे आज पंपावर आपण जे कुरकुरतो, त्याचे मूळ एका मराठी बॅरिस्टरपाशी आहे. २०१० मध्ये सगळे क्रमांक बदलले. आता हा ५२ नंबर धुळ्याला मुंबईकडे न वळता औरंगाबाद, सोलापूर, विजयपूर, हुबळीवरून थेट अंकोल्याला समुद्रापर्यंत जातो. बेळगाव-कारवारकडच्या वाचकांनो, तुमच्याजवळून जाणारा बावन्न तो हाच बरं का!

शिरपूर गेले, सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडली. उन्हाळ्यातही पात्रात पाणी होते. नरडाणा, मग सोनगीर. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी आईच्या रुखवतात होती. त्यातला एक हंडा अजून आमच्या गच्चीवर तुळशीखाली आहे. या पट्ट्यात रेल्वेचीही चर्चा ऐकली. इंदूर-मनमाड मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींच्या वर खर्च, तीस नवी स्थानके. शिरपूरची बाई म्हणाली, "माझ्या आजीनेही ऐकलं होतं, रेल्वे येणार म्हणून." या वेळी येईल असे मला वाटते. आली तर हा प्रवास किती सोपा होईल! पण जुलवानियाच्या चौकातल्या माणसांना तेव्हाही फाट्यावर थांबणारी बस लागणारच आहे.

आमच्या राज्यालाही हे उमगले असावे. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. गाड्या खासगी मालकांच्या, पण मार्ग, वेळा आणि देखरेख सरकारी कंपनीची, अशी ती योजना. वीस वर्षांनी पुन्हा कोणीतरी वेळापत्रक लिहायला घेतले आहे. ते भिंतीवर रंगवतील की मोबाइलवर दाखवतील, मला चालेल. गाडीत चार माणसे असतानाही ती सुटते का, हे मी सेंधव्याला उतरून बघणार आहे.

धुळ्याला पोचले तेव्हा दुपार टळली होती. भाचा स्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. "मावशी, ट्रॅव्हल्सने का नाही आलीस? एसी असतो," म्हणाला. मी म्हटले, आधी आग्रा रोडवरून घे, ताईला खारे शेंगदाणे घ्यायचे आहेत.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सकाळची गाडी धरा, म्हणजे निमाडातले ऊन चढायच्या आत सातपुड्याच्या पायथ्याशी याल. आणि जाताना खिडकी उजवीकडची घ्या. ऊन डावीकडून येते. ज्येष्ठांनी आधार कार्ड वर ठेवावे, पिशवीच्या तळाशी नको. सीमेवर कंडक्टर विचारतात.